फेरीतलं शेवटचं माणूस

मार्चमधल्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता साताऱ्यात पोवई नाक्यावर माझा भाऊ गेला. फेरीसाठी माणसं जमली होती. "दोन मिनिटं थांबू, बहीण येतेय," असं तो त्यांना म्हणाला आणि एका दुकानाच्या पायरीवर बसला. मी पोचले तेव्हा माणसं पायरीभोवती उभी होती. कोणीतरी रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कोण?"

मी त्याची बहीण. सहा वर्षांनी धाकटी. लग्न दोघांनीही केलं नाही. त्यामागे सांगण्यासारखी काही गोष्ट नाही, राहून गेलं एवढंच. तो साताऱ्यात राहायचा, मी सांगलीत, विश्रामबागेत. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी केली आणि निवृत्त झाले. दादा सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होता. जुन्या इमारतीची दुरुस्ती निघाली की आधी तिची मापं घेऊन नकाशा काढावा लागतो. ते काम त्याचं. साताऱ्यात ज्या भागाला म्हातारी माणसं अजून कॅम्प म्हणतात, तिथे इंग्रजांची पलटण आणि तिचे साहेब राहायचे. त्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक भिंतीला दादाने कधी ना कधी टेप लावली होती.

निवृत्त झाल्यावर त्याने फेरी सुरू केली. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी सात, पोवई नाका. यायचं त्याने यावं, पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. नाक्यावरून निघायचं, कॅम्पाच्या हद्दीचा दगड बघायचा, मग दोन बंगले, मग घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद, चर्च, आणि शेवटी गोऱ्यांची दफनभूमी. अडीच तास. सुरुवातीला पाच-सहा माणसं असायची, पुढे पुढे तीसपर्यंत जायची. पुण्याहून कॉलेजची मुलं यायची, कऱ्हाडचे डॉक्टर नवरा-बायको यायचे, पलूसचे एक द्राक्षबागायतदार वर्षातून एकदा सगळं घर घेऊन यायचे.

मी शनिवारी दुपारच्या बसने सांगलीहून निघायचे. रविवारी दादा अर्धा तास आधी बाहेर पडायचा, कारण एखादा लवकर आला तर त्याला एकटं उभं राहायला लागू नये. मी मागाहून खोली आवरून, कुलूप लावून, पाण्याच्या बाटल्या भरून निघायचे.

फेरीची आमची एक पद्धत होती. दादा सगळ्यांच्या पुढे, मी सगळ्यांच्या मागे. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचं पोर चप्पल काढून बसतं, कोणी फोटो काढत रेंगाळतं. त्यांना गोळा करत आणायचं काम माझं. दादा ठिकाणाशी पोचला की बोलायला सुरुवात करायचा. सगळ्यांसाठी थांबलं तर ऊन चढतं, असं त्याचं म्हणणं. मी शेवटच्या माणसाला घेऊन पोचले की हात वर करायचे. त्याचा अर्थ, सगळे आले, मागे कोणी नाही. तो हात दिसला की दादा हातातलं वाक्य पुरं करायचा आणि म्हणायचा, "चला, पुढं."

हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण त्यात काय होतं ते मला अकरा वर्षं कळलं नाही. मी पोचले की त्याचं बोलणं संपायचं. माझ्या हातानेच ते संपायचं.

लांबून मला फक्त माणसं दिसायची. दुसऱ्या बंगल्याच्या फाटकाशी दरवेळी हसू फुटायचं. मी तेव्हा वळणावर असायचे. हौदाशी माणसं वाकून आत बघायची. आणि दफनभूमीत, मागच्या दगडी भिंतीपाशी, सगळी गप्प व्हायची. मी फाटकातून आत यायचे तेव्हा कोणी चष्मा पुसत असायचं, कोणी दुसरीकडेच बघत उभं असायचं. एकदा पलूसच्या बागायतदारांच्या आई माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या तोंडात काय हाय वं ताई?" मी हसले. काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण ते त्यांना सांगायला लाज वाटली.

दादाला एकदा विचारलं होतं. आम्ही परत येऊन पोहे खात होतो.

"त्या भिंतीपाशी तू सांगतोस तरी काय?"

"ये की एकदा पुढं. ऐक."

"आणि मागं कोण राहील?"

"ते पण खरंच," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. विषय तिथेच राहिला. मला वाटलं, ऐकू कधीतरी. भाऊ घरचाच आहे.

तो लिहीत नसे. मी कितीदा म्हटलं, छोटी पुस्तिका काढू, मी टाइप करते. तो म्हणायचा, "लिहिलं की लोक घरात बसून वाचतात. पाय कोण हलवणार?" त्याचा दुसरा नियम असा, की बोलताना फोन चालू ठेवायचा नाही. फोटो काढा, पण रेकॉर्डिंग नाही. फोन धरणारा माणूस फोनकडे बघतो, भिंतीकडे बघत नाही, असं तो म्हणायचा. आणि नियम मोडणारं मागच्या रांगेतच असतं, म्हणून तो पाळायला लावायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. ग्रंथालयात आयुष्य गेलेलं. पानाचा कोपरा दुमडणाऱ्या मुलांना मी तास तास उभं केलेलं आहे.

कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा एक माणूस फेरीला दोन-तीनदा आला होता. चाळिशीचा, अंगाने दणकट. सासुरवाड साताऱ्याची, त्यामुळे मोटरसायकलवरून इकडे यायचा आणि रविवारी सकाळी फेरीला उभा राहायचा. सांगलीकडचा म्हणून माझ्याशी दोन शब्द बोलायचा. एका रविवारी मी दफनभूमीच्या फाटकातून आत आले तर हा भिंतीपाशी, गर्दीच्या कडेला, फोन छातीशी धरून उभा. वरचा लाल ठिपका मला दिसला. दादाचं "चला, पुढं" झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"रेकॉर्डिंग केलंत?"

"व्हय ताई. जरासं."

"पुसून टाका."

"आवं, म्हाताऱ्यासाठी हाय. माजा बा हितंच बंगल्यात माळी हुता. आता त्येला हातरुणातनं उठता येत न्हाई. त्येला ऐकवतो आन् लगीच पुसतो."

"नियम सगळ्यांना सारखा असतो."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. बोटाने काहीतरी केलं. "पुसलं."

पुसलेलं फोनमध्ये महिनाभर दुसऱ्या एका खान्यात राहतं, हे मला ग्रंथालयातल्या संगणकाच्या शिकवणीत कळलेलं होतं. मी म्हटलं, "त्या खान्यातनं पण काढा." त्याला ते ठाऊक नव्हतं. कुठे दाबायचं ते मीच दाखवलं. फोनने विचारलं, कायमचं काढायचं का. त्याने बोट ठेवलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे लिहायला हवं.

दुपारी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस." चहाचं आधण ठेवलं, आणि पाठमोराच म्हणाला, "पण म्हाताऱ्यासाठी होतं ना."

पुढच्या मार्चमध्ये दादा गेला.

दिवसकार्य झाल्यावर काही नेहमीची माणसं भेटायला आली. त्यात साताऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. फेरीला त्या एकदाही चुकल्या नव्हत्या. म्हणाल्या, "फेरी बंद पडू द्यायची नाही ताई. तुम्ही पुढं चाला, मागं मी राहते. तुम्हाला तर सगळं पाठ असेल."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण माझ्याच तोंडून मला ऐकवलं नसतं की अकरा वर्षं सोबत चालून मी त्याचं काहीच ऐकलेलं नाही. दिवाळीनंतरचा पहिला रविवार ठरला. तोपर्यंत गोळा करू, असं मी मनाशी म्हटलं. कॉलेजात लोक माझ्याकडे हरवलेले संदर्भ शोधायला यायचे. हाही एक संदर्भ, असं मी स्वतःला समजावलं.

त्याच्या खोलीत नकाशांची पत्र्याची नळकांडी होती. मी एकेक उघडली. हौद होता, दोन्ही बंगले होते, चर्चचा मनोरा होता. कमानीची गोलाई, खिडकीची उंची, पायरीची रुंदी, सगळं त्याच्या बारीक, सरळ अक्षरात. आकडे होते, बाण होते. वाक्य एकही नव्हतं. दफनभूमीच्या भिंतीच्या नकाशावर एका दगडाशी पेन्सिलीने लहान फुली मारलेली होती. शेजारी काही लिहिलेलं नव्हतं.

मग माणसांना फोन केले. दुसऱ्या बंगल्याशी दादा काय सांगायचा? कऱ्हाडच्या डॉक्टरांना साहेबाच्या खानसाम्याची काहीतरी गोष्ट आठवत होती, शेवट आठवत नव्हता. त्यांच्या बायकोने मागून सांगितलं, खानसामा नव्हे, छत्री. पुण्याचा एक मुलगा म्हणाला, "ते सांगायचे तसंच सांगितलं पाहिजे, नाहीतर मजा नाही," आणि त्याने छत्रीची जी गोष्ट सांगितली ती मी लिहून घेतली. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. भिंतीबद्दल विचारलं की सगळे नुसतं कौतुक करायचे. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "काय सुंदर बोलायचे!" मी विचारलं, "काय बोलायचे?" त्या म्हणाल्या, "ते आता असं शब्दात..." इतकी वर्षं दर महिन्याला त्यांनी ते ऐकलं होतं. मला त्यांचा राग आला. मग आठवलं, त्यांनी निदान ऐकलं तरी होतं.

कुपवाडचा माणूस मला रोज आठवत होता, पण त्याच्याकडे जायचा धीर होत नव्हता. वेडी आशा अशी, की त्याने एखादी प्रत आणखी कुठे पाठवून ठेवली असेल, घरी बायकोला, म्हाताऱ्याला. माणसं तसं करतात. मी म्हटल्यावर त्याने पुसलं, पण त्याआधी पाठवलं असेल. ऑगस्टमध्ये एका दुपारी मी विश्रामबागेतून रिक्षा केली आणि विचारत विचारत त्याच्या कारखान्यावर पोचले. शेडमध्ये सात-आठ मशीनं, तेलाचा वास. त्याने मला बघून मशीन बंद केलं आणि हात पुसत आला.

"आवं ताई, तुमी? हिकडं कुठं?"

"तुमच्याकडेच आले."

"दादांचं कळलं. लय वाईट झालं. यायला पायजे हुतं मी." त्याने स्टूल पुढे केलं. मी बसले नाही.

"ते रेकॉर्डिंग तुम्ही कोणाला पाठवलं होतं का? पुसायच्या आधी?"

"कंचं?"

"दफनभूमीतलं. वडिलांसाठी केलं होतंत ते."

"आवं, ते तुमीच न्हाई का पुसाय लावलं? दोनदा."

"त्याच्या आधी, म्हणते मी. कोणाला पाठवलं असेल."

"कवा पाठवणार? तुमी म्होरंच हुता की."

शेजारच्या मशीनवरचा माणूस मान वर करून म्हणाला, "ह्येच्या फोनात काय शोधतायसा ताई? ह्येच्या फोनात लग्नाचा फोटू सुदिक ऱ्हायला न्हाई. वैनी दिवसातनं दोनदा काडत्यात त्यो इषय."

"गप रं गड्या," तो म्हणाला, पण रागावून नाही. त्याने मला बाहेर, सावलीत आणलं.

मी विचारलं, "तुम्हाला आठवतं का ते काय बोलले?"

"म्हाताऱ्याला सांगाय बघितलं मी. जमलं न्हाई. म्हातारा अजून म्हणतोय, त्या दगडाचं काय म्हणला रं त्यो मास्तर? आमचा बा त्यास्नी मास्तरच म्हणतोय." मग त्याला एक आठवलं. "हात ठिवा म्हणले हुते."

"कुठे?"

"भितीवर. हितं हितं म्हणून दगड दावला. समद्यांनी एकेक करून हात ठिवा म्हणले. आन् गार लागतंय का गरम, ते बघा. कुणी बोलायचं न्हाई. मग समद्यांचं झाल्यावर ते बोलले."

"काय बोलले?"

"तेच की. ते न्हाई ध्येनात. मला गरम लागलं हुतं, एवढं हाय ध्येनात." त्याने आपला तळवा बघितला, तेलाने काळा झालेला. "आन् बोलून झालं तवा तुमी आला."

परतताना रिक्षात मी तेवढंच घेऊन बसले होते. हात ठेवायचा. गार का गरम, ते बघायचं. नकाशावरची फुली आता कळली. बाकी काहीच कळलं नाही. तरी वाटलं, तिथे प्रत्यक्ष उभं राहिल्यावर, हात ठेवल्यावर, येईल काहीतरी. दगडच काही सुचवेल. वाचणाऱ्या माणसाला असले भरवसे असतात.

दिवाळीनंतरच्या रविवारी नाक्यावर वीसेक माणसं आली. कुपवाडचाही आला. मी सगळ्यांच्या पुढे उभी राहिले. पुढून फेरी कशी दिसते ते मला तेव्हा कळलं: मागचं काहीच दिसत नाही. हद्दीच्या दगडाशी मी दगडाची उंची सांगितली. पहिल्या बंगल्याशी कमानींची मापं सांगितली. दुसऱ्या बंगल्याशी छत्रीची गोष्ट सांगितली. कोणी हसलं नाही, एका बाईंनी विचारलं, "मग?" हौदाशी मी वाकून आत बघितलं, तसे सगळे वाकले. आत प्लास्टिकच्या पिशव्या आणि पाला होता. दादा त्यात काय दाखवायचा कोण जाणे. चर्चचं फाटक बंद होतं, आम्ही बाहेरूनच गेलो. माणसं चांगली होती. कोणी कुरकुर केली नाही, कोणी मधून निघून गेलं नाही. ते जास्त अवघड होतं.

दफनभूमीच्या फाटकाशी कुपवाडचा माणूस माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "ताई, आज करू का रेकॉर्डिंग? म्हाताऱ्यासाठी."

मी म्हटलं, "करा."

भिंतीपाशी गेल्यावर मी नकाशा उघडून दगड शोधला. खालून तिसऱ्या थरातला. मी म्हटलं, "इथे सगळ्यांनी एकेक करून हात ठेवा. गार लागतो की गरम, ते बघा. बोलू नका."

माणसं पुढे आली. कोणी तळवा ठेवला, कोणी नुसती बोटं. एका आजोबांनी दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. कॉलेजातल्या दोन मुलींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग गंभीर झाल्या. शेवटी शिक्षिकाबाई मागून आल्या, त्यांनीही ठेवला. सगळ्यांचं झालं. सगळे माझ्याकडे वळले. मी माझा हात ठेवला. दगड गार होता. त्याच्यावर बारीक शेवाळाचा खरखरीतपणा होता, आणि एक छिन्नीची खूण. मी थांबले. मला काही सुचलं नाही.

आजोबांनी विचारलं, "गार आहे. पण मला आधी गरम वाटला होता. कसा असायला पाहिजे?"

कोणीतरी म्हणालं, "थांबा, त्या सांगतायत."

ते सगळे गप्प झाले. दादाच्या वेळी व्हायचे तसेच. मी पहिल्यांदाच ती शांतता समोरून बघत होते, आणि ती माझ्यासाठी नव्हती. मग माझा हात वर गेला. ठरवून नाही. फाटकातून आत आल्यावर जसा जायचा तसा. सगळे आले, मागे कोणी नाही. आणि हात वर धरून मी उभी राहिले. पुढून कोणी "चला, पुढं" म्हणालं नाही.

शिक्षिकाबाईंना वाटलं, मी निरोप घेते आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनी वाजवल्या. आजोबा जाताना म्हणाले, "भावाचं दुःख मोठं असतं." माणसं फाटकाकडे गेली.

त्या आठवड्यात कुपवाडच्या माणसाने ते रेकॉर्डिंग मला पाठवलं. खाली लिहिलं होतं की म्हाताऱ्याला ऐकवलं, म्हातारा म्हणतो, मास्तर कुठं हाय ह्येच्यात?

डिसेंबरमध्ये मी नाक्यावर गेले नाही, जानेवारीतही नाही. शिक्षिकाबाईंचा फोन आला, मी बरं नाही म्हटलं. नंतर त्यांचाही यायचा थांबला. दादाची खोली सोडून दिली आहे. नळकांडी विश्रामबागेत माझ्या कपाटावर आहेत. रेकॉर्डिंग चार मिनिटांचं आहे. त्यात माझं एक वाक्य आहे, पोपटांचा आवाज आहे, रस्त्यावरून जाणारी गाडी आहे, आजोबांचा प्रश्न आहे, आणि टाळ्या आहेत. दादाचा आवाज कुठेही नाही.